टाकीतला मासा गप्पीच आहे का? ठाण्यातल्या पाण्यात गप्पी ओळखण्याची रीत

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक चौकशी ठरलेली असते: "गप्पी मासे कुठे मिळतील हो?" कारंज्याची बंद पडलेली टाकी, वापरात नसलेली विहीर, बांधकामाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, अशा सगळ्या ठिकाणी डासांच्या अळ्या वळवळायला लागतात. त्यावर गप्पी हा उपाय आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मासा मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलेला असतो. पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरचं काहीही वरवर पोहताना दिसलं की आपण त्याला गप्पी म्हणून मोकळे होतो.

मीही तेच करत होतो. नौपाड्यातल्या एका जुन्या वाड्याच्या विहिरीत लहान मासे होते. काठावरून वाकून पाहिलं की प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीची टिकली लावल्यासारखा एक ठिपका चमकायचा. आम्ही त्यांना गप्पी म्हणायचो. ते कमी पडताहेत असं वाटलं म्हणून एका ठिकाणाहून "गप्पी" म्हणून मिळालेली पिशवी आणून आम्ही त्याच विहिरीत ओतली. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्या चांदीच्या टिकल्या दिसेनाशा झाल्या. पुढे काचेच्या बरणीत घेऊन नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. नव्याने सोडलेले मासे गप्पी नव्हते, ते उत्तर अमेरिकेतले गँबुशिया होते. आणि आधीपासून तिथे असलेले मासेही गप्पी नव्हते. ते इथलेच, कोकण-सह्याद्रीच्या ओहोळांतले पँचॅक्स होते आणि अळ्या खाण्याचं काम ते आधीपासून बिनबोभाट करत होते. एकाच विहिरीत दोनदा नाव चुकलं. त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून मी ओळखण्याची ही रीत सविस्तर लिहितो आहे.

गप्पी मूळचा कुठला

गप्पीचं शास्त्रीय नाव पोइसिलिया रेटिक्युलाटा. त्याचं मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेचा ईशान्य कोपरा: व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, आणि लगतचं त्रिनिदाद व काही कॅरिबियन बेटं. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ साली व्हेनेझुएलातल्या काराकासहून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे त्रिनिदादमधून रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथले प्राणिशास्त्रज्ञ अल्बर्ट गुंथर यांना ती नवी जात वाटली आणि १८६६ साली त्यांनी तिला गप्पी यांचं नाव दिलं. जात नवी नव्हती, त्यामुळे गुंथर यांचं शास्त्रीय नाव मागे पडलं, पण लोकांच्या तोंडी "गप्पी" कायमचं राहिलं. भारतात हा मासा १९०८ साली डासांच्या बंदोबस्तासाठी आणला गेला. गँबुशिया आला १९२८ साली, इटलीमार्गे. काम दोघांकडून एकच करून घ्यायचं होतं, म्हणून आपल्याकडे त्यांची नावं एकमेकांत मिसळली ती आजतागायत.

"रेटिक्युलाटा" म्हणजे जाळीदार. खवल्यांच्या कडा किंचित गडद असल्यामुळे अंगावर बारीक जाळी दिसते, त्यावरून हे नाव. मात्र या जाळीवर भिस्त ठेवू नका, कारण गँबुशियाच्या अंगावरही तशीच जाळी दिसते.

आधी मासा बरणीत घ्या

काठावर उभं राहून ओळख पटत नाही. टाकीतून आठ-दहा मासे काढा. एकच मासा काढलात तर फसाल, कारण नर आणि मादी दोन्ही पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. बारीक जाळी नसली तर मोठी चहाची गाळणी चालते. मासे ज्या पाण्यातले आहेत तेच पाणी वापरा, नळाचं ताजं पाणी नको. त्यातल्या क्लोरीनने इतका लहान मासा लगेच मलूल होतो.

दोन भांडी लागतील. एक पांढरी वाटी किंवा बशी, वरून पाहण्यासाठी. दुसरं भांडं पारदर्शक आणि सपाट बाजूंचं हवं, कडेने पाहण्यासाठी. गोल बरणीत मासा फुगलेला आणि वाकडा दिसतो. मला मिठाईचा चौकोनी पारदर्शक डबा सगळ्यात सोयीचा वाटतो. त्यात बोटभर रुंद जागा राहील अशी एक काचेची पट्टी उभी सरकवली की मासा वळू शकत नाही आणि कडेने स्थिर दिसतो. मागे पांढरा कागद, शेजारी शाळेची मोजपट्टी. काम सकाळी उरका, भर उन्हात डबा दहा मिनिटांत तापतो.

वरून पाहा: डोक्यावर ठिपका आहे का?

पांढऱ्या वाटीत मासा वरून पाहा. डोक्याच्या मध्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, चांदीसारखा चकाकणारा एक ठिपका दिसला तर तो पँचॅक्स, म्हणजे अ‍ॅप्लोकायलस कुळातला आपला देशी मासा. तो गप्पी नाही. आणखी काही तपासायचं असेल तर कडेने पाहा. त्याच्या पाठीवरचा पर (पोहण्याचा पंख) अगदी शेपटीजवळ, इवलासा असतो आणि पोटाखालचा मागचा पर अंगाला लांबवर जोडलेला असतो. हा मासा पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला खिळल्यासारखा तरंगतो, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, डोकं वरून चपटं.

पँचॅक्स निघाला तर पुढचं काही करू नका. जिथून काढला तिथेच सोडा आणि त्या पाण्यात दुसरा कुठलाही मासा टाकू नका.

कडेने पाहा: शेपटी आणि पाठ

आता डबा डोळ्यांच्या पातळीला धरा. शेपटीला मधोमध खाच असेल, म्हणजे ती दुभंगलेली दिसत असेल, तर तो गप्पी नाही. आपल्याकडच्या ओढ्यांतले दांडिया, डॅनियो वगैरे चिमुकले मासे असे दुभंगलेल्या शेपटीचे असतात. कित्येकांच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी किंवा निळसर रेघ असते. काहींना मिशाही असतात. गप्पीला मिशा कधीच नसतात. साध्या गप्पीची शेपटी पंख्यासारखी गोलसर असते.

पाठीवर सलग लांब, काटेरी पर असेल तर ते तिलापियाचं पिल्लू. ठाण्याच्या तळ्यांत तिलापिया भरपूर आहे आणि त्याची पिल्लं गप्पीएवढीच दिसतात. त्यांच्या पाठीवरच्या परावर मागच्या भागात एक ठळक काळा डाग असतो, त्यावरून ओळख लगेच पटते. पाठीवर दोन वेगळे पर आणि अंग काचेसारखं आरपार असेल तर तो काचमासा. गप्पीच्या पाठीवर एकच पर असतो, अंगाला थोड्याच जागेत जोडलेला, त्यात सात-आठ शिरा.

इथपर्यंत चाळणी लावून झाली की गप्पी, गँबुशिया आणि एक खास आपल्या किनाऱ्यावरचा मासा एवढेच उरतात. खरी कसोटी इथे लागते.

नराचा मागचा पर

गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. त्यासाठी नराला मादीच्या पोटात बीज सोडावं लागतं आणि ते काम तो पोटाखालच्या मागच्या पराने करतो. पिल्लू असताना हा पर पंख्यासारखाच असतो. नर वयात येऊ लागला की त्यातल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या शिरा लांब होत जातात आणि पंख्याची एक बारीक काडी बनते. तिला गोनोपोडियम म्हणतात. नर पोहताना ती अंगाला मागे चिकटलेली असते. मादीजवळ आला की तो ती पुढे फिरवतो. डब्यात नर-मादी एकत्र ठेवून पाच मिनिटं शांत बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं. नर मादीसमोर येऊन अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवतो, सगळे पर ताठ करतो आणि थरथरतो. ती वळली की तोही वळून पुन्हा तिच्यासमोर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अळ्या मोजायचं राहून गेलं आणि मी अर्धा तास तिथेच बसून होतो.

ही काडी दिसली म्हणजे मासा पिल्लं देणाऱ्या कुळातला, असं समजायला हरकत नाही. फक्त एक अपवाद आहे, आणि तो आपल्याच दारातला आहे. कच्छच्या आखातापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मचूळ पाण्यात आणि लगतच्या गोड्या पाण्यात एक आरपार दिसणारा, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा मासा राहतो. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली तत्कालीन मुंबई इलाख्यातून त्याचं वर्णन केलं आणि त्याला होराइक्थिस सेटनाय असं नाव दिलं. आता त्याला ओरायझियास या कुळात धरतात. या माशाच्या नरालाही मागच्या पराच्या पुढच्या शिरांपासून बनलेलं असंच अवजार असतं, पण मादी पिल्लं देत नाही, फळलेली अंडी घालते. ठाणे खाडीच्या काठचं पाणी तपासत असाल तर हा लक्षात ठेवाच. त्याचं अंग पारदर्शक असतं, पाठीवरचा पर नखाच्या कपच्याएवढा आणि शेपटीला टेकलेला, आणि मागचा पर पोटापासून जवळजवळ शेपटीपर्यंत पसरलेला. गप्पीचा मागचा पर इतका लांब कधीच नसतो. असा मासा मिळाला तर फोटो काढा, तारीख लिहा आणि त्याला अलगद परत सोडा.

गप्पी की गँबुशिया

लोकांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते, म्हणून सावकाश पाहा.

नर सापडले असतील तर काम सोपं. गप्पी नराच्या अंगावर रंग असतो: नारिंगी ठिपके, काळे टिपके, कुठे निळी-हिरवी झळाळी. गटारातल्या, पिढ्यान्पिढ्या मोकळ्या वाढलेल्या गप्पीतही नारिंगीचा एखादा ठिपका असतोच. दोन नर सहसा हुबेहूब सारखे नसतात. गँबुशियाचा नर मात्र मादीसारखाच करडा-हिरवट, फक्त सडपातळ.

नर नसतील, नुसत्या माद्या असतील, तेव्हा तीन गोष्टी पाहा. पहिली, शेपटी आणि पाठीवरचा पर उजेडासमोर धरा. गँबुशियाच्या परांवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, जणू कुणी टोकदार पेनाने रांगेत टिंबं दिली आहेत. साध्या गप्पी मादीचे पर कोरे, पाण्यासारखे असतात. दुसरी, डोळा पाहा. गँबुशियाच्या डोळ्याखाली बऱ्याचदा काजळ ओघळल्यासारखा गडद पट्टा असतो. तिसरी, पाठीवरचा पर आणि पोटाखालचा मागचा पर यांची जागा ताडून पाहा. गँबुशियात पाठीवरचा पर मागच्या पराच्या सुरुवातीच्या बराच मागून सुरू होतो. गप्पी मादीत दोन्हींची सुरुवात जवळपास वर-खाली येते. ही तिसरी खूण माद्यांवरच तपासा. नरात मागच्या पराची काडी होताना तो पर पुढे सरकतो, त्यामुळे नरावर मोजलंत तर गप्पीही गँबुशियासारखा भासेल. मी स्वतः या खुणेवर सुरुवातीला दोनदा चुकलो ते याच कारणाने.

पोटाच्या मागच्या टोकाला दिसणारा काळसर डाग मात्र पुरावा म्हणून धरू नका. गाभण मादीच्या पोटातलं अंधुक दिसणारं ते सावट गप्पीत असतं तसंच गँबुशियातही असतं. आकारानेही ठरत नाही. गप्पी नर दीड ते साडेतीन सेंटिमीटर, मादी तीन ते सहा. गँबुशिया साधारण त्याच मापात बसतो.

एवढं करूनही शंका राहिली तर अजून एक उपाय आहे: वाट पाहा. पोट फुगलेली एक मादी वेगळ्या डब्यात, थोडं शेवाळ घालून ठेवा. गप्पीची खेप तीन-चार आठवड्यांची असते आणि एका वेळी वीस ते साठ पिल्लं होतात, कधी त्याहून जास्त. जन्मतः पिल्लू आठ मिलिमीटरच्या आत-बाहेर असतं आणि जन्मल्या क्षणापासून पोहतं. महिना-दीड महिन्यात नर पिल्लांच्या अंगावर नारिंगीची पहिली ठिणगी दिसली की गप्पी पक्का. मादीजवळ नर नसला तरी चालतं, कारण एकदा घेतलेलं बीज ती अनेक महिने पोटात साठवते. म्हणूनच नाल्यात गेलेली एक गाभण मादीही अख्खी वसाहत उभी करू शकते.

रंगावर विसंबू नका, आणि दुकानातल्या माशावर तर नाहीच

वर मी नराच्या रंगाला खूण म्हटलं आहे, पण ती "रंग आहे की नाही" एवढ्यापुरतीच. कुठला रंग, किती ठिपके, यावरून काही ठरवू नका. त्रिनिदादमध्ये जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की शिकारी मासे असलेल्या डोहांतले गप्पी नर फिके असतात आणि शिकारी नसलेल्या डोहांतले भडक. धोकादायक पाण्यातले गप्पी त्याने बिनधोक ओढ्यात नेऊन सोडले, तेव्हा सुमारे दोन वर्षांतच पुढच्या पिढ्या जास्त ठिपकेदार झाल्या. आपल्या टाकीत बगळा येतो की नाही, पाणी गढूळ आहे की स्वच्छ, यावरही नरांची रंगत बदलत जाते.

दुकानातला झुपकेदार शेपटीचा, लालभडक किंवा काळा गप्पी हा त्याच जातीचा, निवडून वाढवलेला. तो घरच्या टँकसाठी ठीक आहे, पण लांब शेपटीमुळे त्याला वेगाने पोहता येत नाही. अळ्यांच्या टाकीत साधा गप्पीच टिकतो. "एंडलर" या नावाने जो लहान, चकाकता मासा विकतात तो गप्पीचा जवळचा नातलग आहे. एंडलरनेच १९७५ साली व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळ तो पाहिला आणि २००५ साली त्याला पोइसिलिया विंगाय हे नाव मिळालं. गप्पीशी त्याचा सहज संकर होतो, त्यामुळे बाजारातला एंडलर शुद्ध आहे की नाही हे नुसतं पाहून सांगता येत नाही. मॉली आणि प्लॅटी याच कुटुंबातले, मेक्सिको-मध्य अमेरिकेतले. अंगाने जाडसर असल्यामुळे ते सहसा फसवत नाहीत.

नोंद आणि फोटो

फोटो कडेने काढा, डाव्या बाजूचा, सगळे पर उघडे असताना. एक फोटो वरून, डोक्याचा. चौकटीत मोजपट्टी दिसू द्या. फ्लॅश नको, खवले चमकून बाकी सगळं पुसलं जातं. नर आणि मादी दोन्हींचे फोटो घ्या. वहीत तारीख, जागा, पाणी कसलं आहे (टाकी, विहीर, नाला, खाडीकाठ) आणि किती मासे पाहिले ते लिहा. उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठावर पाहिलं असेल तर कुठल्या बाजूला तेही लिहा. वर्षभराने तीच वही तुम्हाला सांगेल की तिथे काय बदललं.

ओळख पटल्यावर

मासा गप्पी निघाला आणि पाणी चारी बाजूंनी बंद असेल, तर तो तिथे राहू द्या. आरोग्य विभागाच्या माहितीपत्रकांत मोठा गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असं दिलेलं असतं. अट एवढीच की टाकीत औषध किंवा फिनेल पडता कामा नये आणि पाणी पूर्ण आटता कामा नये. टाकीचा ओसंडणारा पाइप नाल्याला जात असेल तर मे महिन्यातच त्याच्या तोंडावर मच्छरदाणीची जाळी दुहेरी बांधा. जुलैच्या मुसळधारेत एका रात्रीत अर्धे मासे वाहून जातात. गप्पी मचूळ पाण्यातही तगतो, त्यामुळे "खाडीत गेले की मरतील" हा भरवसा नको.

येऊरच्या ओढ्यांत, तळ्यांत, शेतातल्या झऱ्यांत गप्पी सोडू नका, कितीही चांगल्या हेतूने का असेना. तिथे पँचॅक्स आणि बाकीचे देशी मासे आहेत, आणि गप्पी एकदा शिरला की परत काढता येत नाही. गँबुशिया निघाला तर तो दुसऱ्या कुणालाही "गप्पी" म्हणून देऊ नका. तो इतर माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी आणि पिल्लं खातो.

मासे परत सोडल्यावर डब्यात उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. ते बारीक गाळणीतून गाळून झाडांच्या कुंडीत घाला आणि मग गाळणी उलटी करून पांढऱ्या वाटीत झटका. तारेच्या जाळीला चिकटलेलं एखादं आठ मिलिमीटरचं पिल्लू कित्येकदा तिथेच सापडतं. दिसतात ते फक्त त्याचे दोन काळे डोळे.